काचेचं कापड

भिंत कधीही अचानक पडत नाही. पडण्याआधी ती बोलते; ऐकणारा कान लागतो. गुणवंत देवस्थळी हे वाक्य गेली कित्येक वर्षं निरनिराळ्या शहरांतल्या परिषदांमध्ये म्हणत आला होता, आणि म्हणून झाल्यावर तो जरा थांबत असे, कारण इथे सभागृह गंभीर होतं असा त्याचा अनुभव होता. लखनौला तो असाच थांबलेला असताना त्याच्या पाठीमागची, स्वागताचा फलक लावलेली प्लायवूडची भिंत एक अक्षरही न बोलता आडवी झाली. लागलं कुणाला नाही. अध्यक्षांच्या चहात भुसा पडला, आणि अध्यक्षांनी तो साय बाजूला करावी तसा बोटाने बाजूला करून चहा संपवला. गुणवंतने त्यानंतरही वाक्य बदललं नाही. प्लायवूड हे त्याचं क्षेत्र नव्हतं. त्याचं क्षेत्र विटांचं. केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात बसून जुन्या कचेऱ्या, गोदामं, इस्पितळं यांच्या थकलेल्या भिंतींवर काचेच्या नाहीतर कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिनने चिकटवायचं आणि त्यांना आणखी एक पिढी उभं ठेवायचं, असं त्याचं काम. कापड पुठ्ठ्याहूनही पातळ असतं, पण भिंत ओढली गेली की ओढ ते अंगावर घेतं. विटेला दाबलेलं चालतं, ओढलेलं चालत नाही. सरकारी नोकराचंही तसंच, असं तो पूर्वी भाषणात जोडायचा. तीन वर्षांपूर्वी त्याचा मुलगा समर्थ गेला, त्यानंतर त्याने भाषणातले विनोद काढून टाकले. भाषण आटोपशीर झालं आणि आयोजक खूश झाले.

त्या रविवारी सकाळी जमीन हलली तेव्हा तो गाझियाबादच्या आपल्या घरात पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. धक्का मोठा नव्हता. फडताळातल्या डब्यांची झाकणं वाजली, पंखा बंद असून किंचित झुलला, आणि लगेच सगळं पूर्ववत झालं. दिल्लीकडे भूकंप हा मुख्यतः जाणवल्याचं सांगण्यासाठी असतो. गल्लीत लोक नाइटसूटवर बाहेर आले, गुरुग्रामच्या अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या ओळखीच्यांचे संदेश येऊ लागले, आणि त्या उंचीवरून आपल्याला जास्त जाणवला याचा अभिमान त्यांना लपवता येत नव्हता. गुणवंत बशी हातात घेऊनच बाहेर आला होता. शेजारच्या मिसेस तनेजा कुत्र्याला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाभीजी कहाँ हैं?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अलका बाहेर आलेली नाही. ती कुठे असेल हे त्याला न विचारता माहीत होतं. मागच्या खोलीत, समर्थच्या, ती तनेजांच्या बाजूच्या भिंतीवर दोन्ही तळवे पसरून उभी होती. ब्रेक लागल्यावर बसमध्ये माणूस दांडा पकडतो तशी नव्हे. धक्का लागून कुणी पडू नये म्हणून आपण त्याचे दंड धरतो, तशी. "संपला गं," तो म्हणाला. "हो का," ती म्हणाली, पण हात काढले नाहीत, आणि तिच्या डाव्या हाताच्या वर त्याला एक भेग दिसली. दाराशेजारच्या कोपऱ्यातून निघून तिरकी, पायरी-पायरीने उतरत, भिंतीच्या मध्याकडे गेलेली. अशा भेगांचे फोटो तो परिषदांत दाखवत असे. अशा भेगेखाली त्याची बायको झोपत असे.

त्या भिंतीवर ठसे होते. मे महिन्यात बाहेर लू वाहत असताना मुलांना घराबाहेर सोडायचं नाही असा अलकाचा नियम होता, आणि नियमावर तोडगा म्हणून समर्थने ओल्या अंगणात लोळलेला टेनिस बॉल घेऊन ही भिंत शोधून काढली होती. फेकायचा, परत झेलायचा, फेकायचा. संत्र्याएवढे गोल, मातकट ठसे, एकावर एक, शेजारी-शेजारी, काही फिके काही ठळक. लांबून पाहिलं तर भिंतीला कसलातरी साथीचा रोग झालाय असं वाटावं. अलका तेव्हा ओरडायची. पलीकडून मिसेस तनेजा लाटणं आपटायच्या आणि म्हणायच्या, बेटा बस कर, मेरी आँख लगी थी. मग पाच मिनिटं शांतता आणि पुन्हा तोच आवाज, आता चोरून मारल्यासारखा हलका. दर दिवाळीला रंगाची गोष्ट निघायची आणि अलका म्हणायची, काय उपयोग, पुन्हा करेल, होऊ दे मोठा मग काढू रंग. तो मोठा झाला, म्हणजे एकोणीस वर्षांचा, आणि रंग काढायचा राहूनच गेला. तो गेल्यावर महिन्याभराने मिसेस तनेजा गल्लीत कोथिंबीर निवडून घेताना अलकाला म्हणाल्या होत्या, "भाभीजी, अब दोपहर को नींद नहीं आती." एवढंच म्हणाल्या आणि जुडी न घेताच घरात गेल्या. भेटायला आलेल्या शंभरएक माणसांपैकी बरोबर बोललेलं माणूस म्हणून अलका त्यांचं नाव घेते.

समर्थ मित्राच्या बहिणीच्या लग्नाहून परत येत होता. गाडी मित्र चालवत होता. समोर उभा ट्रक होता आणि धुकं होतं. हे पानिपतच्या जरा पुढे झालं. हे गाव आणखी वीस किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे असतं तर काही बदललं नसतं, पण गुणवंतला कधीकधी वाटे की निदान बोलणं सोपं झालं असतं. कारण मराठीत हे गावाचं नाव कमी आणि पराभवाचं माप जास्त. मराठी माणूस परीक्षेत नापास झाला, वरातीला उशीर झाला, श्रीखंड पातळ झालं, तरी त्याचं पानिपत होतं. महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत खजिनदार पद्माकरराव गणेशोत्सवाचा आढावा घेताना म्हणाले, "यंदा नाटकाचं तर पार पानि—" आणि थांबले. सगळ्यांना एकाच वेळी चहात रस उत्पन्न झाला. पद्माकररावांचा चेहरा असा झाला की गुणवंतलाच त्यांची दया आली. अलकाने कपातून डोकं वर न काढता म्हटलं, "म्हणा हो, पूर्ण म्हणा. गाव कुठे जाणार आहे." पण ते म्हणाले नाहीत, आणि त्यानंतर मंडळात तिच्यासमोर कुणाचंच कशातच काही पानिपत झालं नाही. सगळे पराभव बिनगावाचे झाले. लोकांनी आपल्यासाठी भाषेतला एक शब्द सोडला याचं अलकाला काही वाटलं की नाही हे तिने सांगितलं नाही. त्या दोघांमध्ये सांगण्यासारख्या गोष्टी तेव्हा फारशा उरल्याही नव्हत्या: दूध, गॅस, मुलीचा, सृष्टीचा फोन. भांडण नव्हतं. भांडणाला लागणारी जवळीकसुद्धा नव्हती, असं तो स्वतःशी म्हणे, आणि हे वाक्य आपल्याला जरा जास्तच चांगलं जमलंय असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटे.

भेगेबद्दल मात्र बोलावं लागलं. "ही भिंत बांधावी लागेल," तो त्याच दिवशी जेवताना म्हणाला. अलकाने आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे काय करावं लागेल?" म्हणजे आधी सगळं प्लास्टर उडवावं लागेल, हे त्याने सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. त्याची दोन-तीन व्याख्यानं तिने पूर्वी दुसऱ्या रांगेत बसून ऐकली होती. प्लास्टर हे भिंतीचे कपडे, तो त्यात म्हणत असे. कपड्यांवरून पट्टी बांधून हाड जुळत नाही. सगळं उतरवा, वीट उघडी करा, तिला काय झालंय ते डोळ्यांनी बघा, तारेच्या ब्रशने घासा, आणि मग कापड तिच्या अंगाला चिकटवा. विद्यार्थी हे लिहून घेत. "प्लास्टरला हात लावायचा नाही," अलका म्हणाली. आवाज मीठ लागेल का विचारतानाचाच होता.

"मग निदान पलंग हलव."

"कुठे?"

"समोरच्या भिंतीला."

"तिथून दिसतं. हाताला लागत नाही."

"अगं, उद्या याच्याहून मोठा आला तर ती तुझ्या अंगावर पडेल. मी उगाच बोलत नाहीये. हा सगळा पट्टाच धोक्याचा आहे."

"तुम्ही कशाला आहात मग?" ती म्हणाली. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने खरोखर विचारलं होतं. "सगळ्या सरकारच्या भिंती उभ्या ठेवता ना. ही एक ठेवा. मला काही ते कळत नाही, पण मी तिथेच झोपणार."

अलका आंब्याच्या फोडी घेऊन आली. गुणवंतला वाटलं, आपल्याकडे कुणीतरी किती वर्षांनी काहीतरी मागितलं. समर्थच्या वेळी कुणी त्याच्याकडे काही मागितलंच नव्हतं; फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं, अभियंत्याला करण्यासारखं त्यात काही नव्हतं, सह्या होत्या.

पुढच्या शनिवारी सृष्टी आली. ती गुरुग्रामला एका कंपनीत होती, मेट्रो आणि मग रिक्षा करून यायची, येताना काहीतरी महागडं आणि निरुपयोगी आणायची. या वेळी सुगंधी मेणबत्ती होती. तिने भेग पाहिली, भिंतीजवळ नाक नेऊन पाहिली. "बाबा, इथे हात लावला तर छिलके निघतायत." पोपडे हा शब्द तिच्याकडून कधी हरवला हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "आई, यार, सिम्पल आहे. पूर्ण वॉलचा फोटो काढू, हाय-रेझ. प्रिंट करू, इथेच लावू, सेम साइझ. बिल्कुल कळणार नाही."

"फोटोवर हात ठेवला की सरकतो," अलका म्हणाली.

"तो फोनवरचा सरकतो, आई. प्रिंट नाही सरकत."

अलका पलंगावरची चादर नीट करू लागली. सृष्टी थोडा वेळ ठसे बघत राहिली आणि मग, कुणाला उद्देशून नव्हे, म्हणाली, "ॲक्च्युअली वरचे बरेचसे माझे आहेत. समर्थ तेव्हा इतकूसा होता, त्याचे सगळे खाली लागायचे. कॅच-कॅच खेळायचो ना आम्ही. मी नववीत होते." खोलीत चादरीच्या घड्या पडत राहिल्या. "चहा घेणार का तू?" अलकाने विचारलं. "चलो, चहा तर चहा," सृष्टी म्हणाली. चहा झाल्यावर तिने आपला कप आपणच विसळून पालथा ठेवला, पाहुणी ठेवते तसा, आणि कॅब बोलावली. गुणवंत तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. वरचे कुठले, हे तिला विचारावं असं त्याला वाटलं. पण कॅबवाला चुकीच्या गल्लीत उभा राहिला होता आणि त्याला रस्ता समजावण्यात ती वेळ गेली.

त्याच आठवड्यात केव्हातरी, कचेरीत दुसऱ्याच एका इस्पितळाच्या नकाशावर वाकलेला असताना, त्याला ते सुचलं. कार्बनचं कापड काळं असतं, ते चिकटवलं की खाली काय होतं ते देवालाही दिसत नाही. पण काचेचं कापड कोरडं असताना पांढरं असतं आणि रेझिन प्यायलं की पारदर्शक होतं. हे तो जाणत होता, रोज बघत होता, आणि आजवर या गोष्टीचा उपयोग कापड नीट भिजलं की नाही एवढं कळण्यापुरता होता. प्लास्टर तसंच ठेवायचं. त्यावर काच चढवायची. ठसे आत राहतील, दिसतील, कधीच पुसले जाणार नाहीत. त्याने पेन खाली ठेवलं. हे बांधकाम म्हणून शून्य आहे, हे त्याला त्याच क्षणी, अगदी स्पष्ट, आपल्याच व्याख्यानातल्या आवाजात ऐकू आलं. कापड प्लास्टरला धरून राहील आणि प्लास्टर विटेला जितपत धरून आहे तितपतच राहील, म्हणजे नाहीच. पण अलकाला सांगता येईल, भिंत बांधली. आणि ती विचारते आहे. त्याने स्वतःला हेही विचारून पाहिलं की हा खोटेपणा आहे का. उत्तर होय आलं, आणि त्याने प्रतीकला इंटरकॉमवर बोलावलं.

प्रतीक सोनार त्याच्या हाताखालचा, नाशिकचा, हुशार आणि लग्नाळू. तो रविवारी कंत्राटदाराकडची दोन माणसं घेऊन आला आणि भिंतीपुढे उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, प्लास्टर?"

"राहू दे."

"सर, पण तुम्हीच..."

"मीच."

प्रतीकने ठशांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या अलकाकडे, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. कळल्यावर तो एकदम कामाला लागला, मयताच्या घरी माणसं सतरंज्या अंथरायला लागतात त्या चपळाईने. कापडाची गुंडाळी सोडली गेली. अलकाने पुढे होऊन तिची कड बोटांत धरली. "खेसासारखी वीण आहे," ती म्हणाली. खेस, त्या जाड सुती चादरी, ते पूर्वी ज्या गावाहून आणत, त्याचं नाव तिने घेतलं नाही. भिंतीवर रेझिनचा हात फिरला, घरभर तो उग्र वास पसरला, आणि माणसांनी कापड वरून खाली सोडून तळव्याने चोपलं. तेवढ्या वेळात भिंत पांढरी झाली. एकही ठसा राहिला नाही. गुणवंतने अलकाकडे पाहिलं. तिने दाराची चौकट धरली होती आणि तिच्या तोंडाचा रंग गेला होता, आणि त्याच्या लक्षात आलं की हा टप्पा तिला आधी सांगायला हवा होता. "थांब जरा," तो म्हणाला, "थांब, बघ." रोलर खालून फिरायला लागला. जिथे फिरला तिथलं पांढरं विरघळलं, आणि आतून ठसे वर आले. एक, मग त्याच्या शेजारचे चार, मग सगळा खालचा पट्टा. रेझिनच्या ओलीने ते होते त्याहून गडद झाले होते, आत्ता मारल्यासारखे. बॉल अजून खोलीतच कुठेतरी घरंगळत असावा असे. "तो डावीकडचा," अलका म्हणाली, "त्यानेच आकाशकंदील फुटला होता." आणि ती हसली. गुणवंतने तीन वर्षांत ऐकलेला हा तिचा पहिला हसण्याचा आवाज, आणि तो एका बोगस कामाने मिळवला होता.

माणसं गेल्यावर प्रतीक रेंगाळला. काम झाल्यावर, सुकलं की कापडावर धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढून काढायची असते. काय तुटतं ते बघायचं असतं. चकतीबरोबर विटेचा पापुद्रा निघून आला तर काम उत्तम. वीट तुटली तरच चिकटणं खरं, असा या शास्त्राचा जरा विचित्र न्याय आहे. "टेस्टला पुढच्या रविवारी येऊ का सर?" त्याने विचारलं. "नको." "ठीक." त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली. "मी कुठे बोलणार नाही सर." "बोल की. व्याख्यानात घे. असं करू नये म्हणून चांगलं उदाहरण आहे. फक्त नाव घेऊ नकोस." प्रतीकला हसावं की नाही ते कळलं नाही. त्याने वाकून नमस्कार केला. हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

रेझिन वाळल्यावर अलकाने भिंतीवर तळवा ठेवला आणि लगेच काढला. "गार लागतं," ती म्हणाली. पूर्वी तिथे हात ठेवला की जुन्या डिस्टेंपरची भुकटी तळहाताला लागायची, मातकट, बारीक. ती हात लगेच धूत नसे. कितीतरी वेळा तो पाण्याचा ग्लास घेऊन आत गेला होता आणि तिने तो डाव्या हाताने घेतला होता. या गोष्टीचा हिशेब त्याने केलाच नव्हता. आता हाताला काहीच लागत नव्हतं. ठसे काचेमागे होते, संग्रहालयात असतात तसे, आणि संग्रहालयात वस्तूंना हात लावत नाहीत. पण ती तसं काही बोलली नाही. ती म्हणाली, "छान दिसतंय," आणि थोड्या वेळाने, "आता नाही ना पडणार?" तो म्हणाला, "नाही." मग त्याने आपली गादी उचलून त्या खोलीत आणली आणि तिच्या पलंगाच्या कडेला, भिंतीच्या माऱ्यात येईल अशी, जमिनीवर घातली. पडली तर दोघांवर पडेल. ताण विभागला जातो, हे तत्त्व शास्त्रशुद्ध होतं. सृष्टीने फोनवर विचारलं, "तुम्ही जमिनीवर का झोपता बाबा?" तो म्हणाला, "पाठ धरलीय." जमिनीवरून त्याला अलकाचा पलंगाबाहेर लोंबणारा हात दिसे. एकदोनदा तो हात झोपेत त्याच्या केसांवर येऊन पडला आणि तो हालचाल न करता तसाच पडून राहिला, मानेला रग लागेपर्यंत.

जुलैत हवा ओल्या पोत्यासारखी झाली. तनेजांचं न्हाणीघर नेमकं त्या भिंतीपलीकडे; भिंत वर्षानुवर्षं पाणी पीत आली होती आणि आजवर ते या खोलीतून सोडत आली होती. आता तिला सोडायला जागा नव्हती. फरशीलगतची काच दुधाळ झाली. अलकाला आधी वाटलं, वर धुकं साचलंय. तिने फडक्याने पुसलं. धुकं आतल्या बाजूला होतं. तरी ती रोज पुसत राहिली, आणि गुणवंत रोज तिला पुसताना बघत राहिला, आणि रोज थोडं वरपर्यंत पांढरं चढत गेलं. खालचे ठसे आधी गेले. आकाशकंदिलाचा गेला. श्रावण उतरणीला लागला तेव्हा समर्थच्या उंचीचं काहीच दिसत नव्हतं. उरले होते ते वरचे, विरळ. त्या शनिवारी सृष्टी आली, तिने भिंत पाहिली आणि पर्स खांद्यावरून काढायची विसरली. अलका स्टुलावर बसली होती, हातात फडकं. ती म्हणाली, "यातले तुझे कुठले गं?"

सृष्टीने आईकडे असं पाहिलं की गुणवंतने मान फिरवली. "हा," ती म्हणाली. "हा. हा बहुतेक. हा मी रागाने मारलेला, मला आठवतंय, तुम्ही लोक त्याला घेऊन सर्कसला गेलेलात आणि माझी परीक्षा होती."

"आम्ही तुला जिलबी आणली होती."

"थंड होती, आई."

"असेल," अलका म्हणाली. मग तिने हात वर करून त्या ठशावर, म्हणजे त्याच्यावरच्या काचेवर ठेवला, आणि सृष्टीने पर्स न काढताच तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. गुणवंत चहा ठेवायला आत गेला. त्याने तीन कपांचं आधण ठेवलं, साखर दोनदा घातली.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, अलका स्वयंपाकघरात असताना ते झालं. कोऱ्या कापडाचं ठाण फाडावं तसा आवाज आला, ती म्हणाली, लांब आणि एकसारखा. भिंतीवरून काच आणि काचेला चिकटलेलं प्लास्टर, दोन्ही मिळून एकच अखंड पान, वरून सुटलं आणि वाकून पलंगावर उतरलं. पलंगावर कुणी नव्हतं. कापडाने त्याच्याकडून काम चोख केलं होतं. प्लास्टरचा एक तुकडाही सुटू दिला नव्हता. गुणवंत कचेरीतून आला, प्रतीकही त्याच्याबरोबर आला. दोघांनी ते पान दोन बाजूंनी उचलून अंगणात नेलं. त्याची पाठ चुन्याची होती आणि पोट पांढरं. आठवडाभरात वरचेही गेले होते; ठसा एकही नव्हता. मग गुणवंत खोलीत परतला, त्याने बॅटरी घेतली, चष्मा पुसला, आणि दाराशेजारच्या कोपऱ्यापासून भिंतीच्या मध्यापर्यंत प्रत्येक सांधा बोटाने चाचपत गेला. सांध्यांतला मसाला ओला होता पण घट्ट होता. हातोडीने विटा वाजवल्या, भरीव वाजल्या. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करून तसाच गेला. अलका दारात उभी होती. "काय झालंय तिला?" तिने विचारलं.

विटांना काही झालेलं नव्हतं. भेग फक्त प्लास्टरला होती.